महिनाअखेरची टेप

पेटी उघडली तर आत सफाईची टेप होती. हवी होती महिनाअखेरची. मी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, तरी सफाईचीच. दोन्ही टेपा दिसायला सारख्या, तळहाताएवढ्या, काळ्या; फरक काय तो पाठीवरच्या पट्टीतल्या पहिल्या तीन अक्षरांचा. तेवीस वर्षं मी ती तीन अक्षरं वाचूनच टेप हातात घेत आलो. पेटी आणणारा ड्रायव्हर दारात रजिस्टर धरून उभा होता. शहराबाहेरच्या कोठारातून तो दर आठवड्याला येतो, मुदत संपलेल्या टेपा आणून देतो आणि नव्या घेऊन जातो.

"काका, सही द्या. गाडी वाकडी लावलीय, ओरडतील."

मी सही केली.

"ही शेवटची ना तुमची? परवापासून काय करणार? घरी कपाटं लावणार?"

"घरचं कपाट लागलेलंच आहे."

"मग विस्कटा आणि परत लावा. दिवस जातो," तो म्हणाला. "उद्या निरोपाला मी आहे हां. खायला काय ठेवलंय?"

"मला काय माहीत."

"निरोप तुमचा आणि तुम्हालाच माहीत नाही," असं म्हणून तो हसत गेला. मीही हसलो असेन. दार बंद झालं आणि यंत्राची घरघर परत ऐकू यायला लागली. तुटलेलं सील टेबलावर पडलं होतं. त्यावरचा नंबर मी रजिस्टराशी ताडून बघितला. तोच नंबर, शेजारी तेरा महिन्यांपूर्वीची तारीख, वेळ चार पंचवीस, आणि माझी सही. म्हणजे पेटी मीच भरली, मीच बंद केली, आणि मधल्या काळात तिला कोणी हात लावला नाही. कोठारवाले पेटी उघडत नाहीत, फक्त सील बघतात, तसा करारच आहे. तारीख वाचायची तर मला गरजही नव्हती. त्या दिवशी पाचाला दहा कमी असताना माझी बायको गेली. मी तिच्याजवळ नव्हतो. मी या पेटीसाठी इथे आलो होतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. कार्यालय पाणीपुरवठ्याचं. कोणत्या रस्त्याखाली कोणता पाइप, कोणता व्हॉल्व्ह कधी बदलला, कोणाकडे गढूळ पाणी आलं, हे सगळं दिवसभर संगणकात भरलं जातं आणि कार्यालय सुटलं की त्याची एक प्रत टेपवर उतरते. त्यासाठी कपाटाएवढं यंत्र आहे. आत टेपांचे कप्पे आणि एक यांत्रिक हात. तो हवी ती टेप काढतो, ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागात घालतो, काम झालं की परत कप्प्यात ठेवतो. याला टेप लायब्ररी म्हणतात. तिथे वाचायला कोणी येत नाही. रोजच्या टेपा दोन आठवडे ठेवायच्या आणि मग त्यांच्यावरच नवीन लिहायचं. आठवड्याच्या टेपा पाच आठवडे. महिनाअखेरची मात्र पेटीत घालून, सील करून कोठारात पाठवायची, म्हणजे कार्यालयाला आग लागली तरी ती राहते. तेरा महिन्यांनी ती परत येते, एकदा वाचून बघायची आणि पुन्हा लिहायच्या टेपांत टाकायची. सफाईची टेप वेगळी. तिच्यावर काही लिहिलेलं नसतं. ड्राइव्हचं डोकं मळलं की ती आत घालतात, ती ते पुसते. पन्नास वेळा वापरली की फेकायची. तसली एक संपलेली, फेकायची टेप मी सील करून कोठारात पाठवली होती आणि तेरा महिने ती तिथे थंड, कोरड्या हवेत, कुलपात होती.

बायको या यंत्राला सवत म्हणायची. संध्याकाळी मी बूट काढत असताना विचारायची, "सवत बरी आहे का?" ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिच्या कामाचा उपयोग समोरच्याला तिथल्या तिथे दिसायचा, अगदी शब्दशः. माझं काम तिला कधी पटलं नाही. "आज काय केलंत?" "कालचं ठेवलं." "आणि काल?" "परवाचं." "कोणी मागितलं का पण?" मी म्हणायचो, मागत नाहीत तेच बरं, मागायला आले म्हणजे काहीतरी बुडालंय. यावर ती म्हणायची, "म्हणजे तुमचं काम कोणाच्या उपयोगी पडलं नाही, तरच ते चांगलं." ती हे चिडून नाही म्हणायची. भाजी चिरता चिरता म्हणायची आणि सुरी तशीच चालू असायची. आता तिच्या जागी मी भाजी चिरतो तेव्हा कधी कधी तिचा प्रश्न मीच मोठ्याने विचारतो.

मी खुर्चीत बसून होतो. पट्टीवरची अक्षरं परत वाचायची गरज नव्हती, तरी वाचली. चूक कशी झाली ते मला लगेच कळलं होतं. यंत्राला बाहेरून एक खण आहे. बाहेर काढायच्या टेपा तो हात त्या खणात आणून ठेवतो. त्या दिवशी खणात दोन टेपा होत्या, एक महिनाअखेरची आणि एक संपलेली सफाईची. एक पेटीत जायला हवी होती, दुसरी चुरा करायच्या डब्यात. मी उलट केलं. डबा तीन महिन्यांनी चुरा करणाऱ्यांकडे गेला, तोही माझ्याच सहीने. म्हणजे त्या महिन्याची प्रत आता कुठेच नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, घाईत झालं असेल, बायको आजारी होती बिचाऱ्याची. पण मी घाईत नव्हतो.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. दवाखान्यातला तो अकरावा दिवस होता. खोलीत एक हिरवा पडदा, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला होता आणि तो दर तासाला सरकायचा. बायकोला त्या दिवशी दुखत नव्हतं. ती नुसती श्वास घेत होती, आणि दोन श्वासांच्या मधलं अंतर मी मोजत होतो. मोजायचं नाही असं ठरवायचो आणि परत मोजायला लागायचो. तिचा हात माझ्या हातात होता, तो गार होता आणि हलका होता, आणि मला तो सोडावासा वाटत होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच वाटत होतं. पावणेचारला मी बाहेरच्या जिन्यात जाऊन ड्रायव्हरला फोन केला. मीच केला. म्हटलं, महिनाअखेरची पेटी द्यायची आहे, चावी माझ्याकडे आहे, मी येतो. तो म्हणाला, "काका, उद्या येतो की मी. तुम्ही थांबा तिथेच." मी म्हटलं, आजची आजच गेली पाहिजे. "एका दिवसाने काय होतंय?" तो म्हणाला. काहीच होत नाही. नियमात तीन दिवसांची सवलत आहे. तो नियम मीच लिहिलेला आहे.

खोलीत येऊन मी पिशवी उचलली तेव्हा तिने डोळे उघडले. "निघालात?" मी म्हटलं, "पेटी द्यायची राहिलीय. आलोच." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चष्मा पुसा आधी. आणि शर्टाला नको." उशाशी तिच्या दुकानातलं मऊ फडकं असायचं, ते तिने बोटांनी पुढे सरकवलं. मी पुसला आणि गेलो. रस्त्यात मला बरं वाटत होतं. सिग्नल होते, लोक होते, एक माणूस सायकलवर आरसा घेऊन चालला होता. यंत्राच्या खोलीत आलो तर तिथला थंडावा एकदम अंगावर आला. तिथे कोणी श्वास घेत नव्हतं. घरघर होती, पण ती एकसारखी, न थांबणारी. पुढची येईल का असं वाटायला लावणारी नव्हती. मी स्टुलावर बसलो. ड्रायव्हर यायला दहा मिनिटं होती आणि ती दहाही मिनिटं मी सुखात बसलो. मग खण उघडला आणि दोन्ही टेपा बाहेर काढल्या. अक्षरं वाचली नाहीत. चष्मा स्वच्छ होता. परत पोचलो तेव्हा खोलीच्या दारात नर्स उभी होती आणि मी काही विचारायच्या आधी तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

साडेअकराला मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते टेबलावर वाकून लिहीत होते आणि लिहिताना ओठ हलत होते.

"साहेब, गेल्या वर्षीची एक महिनाअखेरची टेप नाहीये."

"नाहीये म्हणजे? हरवली?"

"चुकून चुऱ्यात गेली. पेटीत दुसरीच होती. माझ्या हातून झालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "या वर्षभरात कोणी मागितली?"

"नाही."

"मुदत कधी संपते?"

"आज."

"मग आज सकाळपर्यंत ती होती आणि आज दुपारी आपण ती पुसली. फरक काय पडला, सांगा बरं."

"नोंद करायला लागेल."

"करा की. बारीक अक्षरात करा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग त्यांनी माझ्या हातातली, टेपेचा नंबर आणि तारीख लिहून आणलेली चिठ्ठी घेऊन बघितली. "अहो, ही तर तीच. काय योगायोग बघा, उद्याच्या भाषणात मी आत्ता तेच लिहितोय." त्यांनी कागद उचलला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागले. घरी पत्नी शेवटच्या घटका मोजत असताना हा माणूस कर्तव्य विसरला नाही, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, असं काहीतरी. मधे थांबून म्हणाले, "घरी की दवाखान्यात?"

"दवाखान्यात. साहेब, ते काढून टाका."

"का काढू? दोन पानांत तेवढंच एक आहे. बाकी सगळं टेपा, टेपा आणि टेपा. लोक जांभया देतील."

"पेटीत टेपच नव्हती."

"ते तुम्हाला आज कळलं. तुम्ही गेलात ते खरं ना?"

"मुलगी येणार आहे."

"मग? मीच फोन केलाय तिला. पहिल्या रांगेत बसवतोय. ऐकू दे, बाप काय माणूस आहे ते. अभिमान वाटेल हो तिला."

काय सांगणार होतो? मुलीला मी सांगितलं होतं की डॉक्टरांनी अचानक एक इंजेक्शन लिहून दिलं आणि मी खाली औषधांच्या दुकानात रांगेत होतो. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, तुम्ही जवळ होतात ना? तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. मग वर्षभर ते वाढत गेलं. रांगेत माझ्या पुढे एक माणूस होता, त्याची चिठ्ठी दुकानदाराला वाचता येत नव्हती, त्यात वेळ गेला. त्या माणसाच्या हाताला पट्टी होती. आता तो मला दिसतो. त्याच्या पट्टीला लागलेला औषधाचा पिवळा डाग दिसतो. खोलीतल्या पडद्याचा हिरवा नक्की कसा होता ते आठवायला त्रास होतो, पण हा नसलेला माणूस लख्ख दिसतो. रोजच्या टेपेवर नवीन लिहिलं की खालचं जातं. खालचं आणि वरचं दोन्ही राहत नाही. हे मी नव्या लोकांना किती वेळा शिकवलं असेल.

खाली येऊन मी रजिस्टरात नोंद केली. त्या महिन्याची टेप नाही, चूक माझी, सही. अक्षर बारीक केलं नाही. सफाईची टेप चुऱ्याच्या डब्यात टाकली आणि अर्धा दिवस रजा घेऊन घरी आलो. दुपारचे दोन वाजले होते. मुलगी सकाळच्याच गाडीने आली होती. वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर घेऊन घड्या घालत होती. ती आईसारख्या घड्या घालत नाही, बाही आत दुमडते.

"लवकर सोडलं? बरं केलं. उद्या हा शर्ट घालायचा," ती म्हणाली. "कॉलर बघा काय झालीय. तुम्ही चष्मा शर्टालाच पुसता अजून?"

मी समोरच्या खुर्चीत बसलो. आधी टेपेचंच सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. दोन टेपा, एक खण, उलटापालट. ती ऐकत होती आणि मग हसायला लागली.

"म्हणजे वर्षभर कुलपात पोतेरं जपलं तुम्ही?"

"तेरा महिने."

"कोणाला सांगू नका. उद्याची शाल परत घेतील," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट उचलला.

"ती पेटी मी कधी भरली ते सांगायचंय तुला," मी म्हटलं. आणि तारीख सांगितली.

तिचे हात थांबले नाहीत. घडी पूर्ण झाली, ती तिने ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला. मग म्हणाली, "सकाळी?"

"नाही. दुपारी. चार पंचवीसला सही आहे माझी. इंजेक्शन नव्हतं. रांग नव्हती. मी कार्यालयात होतो." मग मी उरलेलंही सांगितलं, की कोणी बोलावलं नव्हतं, की ड्रायव्हर थांबा म्हणाला होता, की तीन दिवसांची सवलत होती. स्टुलावर बसलो होतो ते सांगितलं. मला वाटत होतं ती मधे थांबवेल. तिने थांबवलं नाही. सांगून संपलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब उद्या हे भाषणात सांगणार आहेत. म्हणून आज सांगितलं. नाहीतर सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी फोन केला होता. चार वीसला. आईच्या फोनवर."

मला हे माहीत नव्हतं. बायकोचा फोन मी त्या दिवसापासून खणात ठेवलाय, कधी चालू केला नाही.

"उचलला तिने?"

"मावशी होती ना खोली पुसणारी, तिने धरला होता कानाशी. दोन मिनिटं बोलली आई. मी म्हटलं, बाबांना दे. तर म्हणाली, खुर्चीत डोळा लागलाय त्यांचा. उठवत नाही म्हणाली. अकरा दिवस झोपले नाहीत, झोपू दे."

बाहेर कोणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण सरकवत होतं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मला वाटलं, तुम्ही झोपेत असताना ती गेली," मुलगी म्हणाली. "शेजारच्या खुर्चीत. आणि ते सांगवत नाही म्हणून इंजेक्शनचं काढलंय. तुम्ही त्या रांगेतल्या माणसाचं सांगायला लागलात की मी दुसरीकडे बघायचे. म्हटलं, झोप लागली तर कोणाचा काय दोष. म्हणून कधी विचारलं नाही. प्रत्येक फोनला म्हणायचे ना मी, तेव्हा खूप दमला होतात तुम्ही. ते त्यासाठी."

"मी दमलो नव्हतो," मी म्हटलं.

"झोपला असतात तर बरं झालं असतं."

तिने एक टॉवेल घेतला, अर्धा दुमडला आणि मांडीवर तसाच ठेवला. रडत नव्हती. तिचा चेहरा कोरडा आणि लहान दिसत होता.

"उद्या टाळ्या पडतील ना त्या वाक्याला?"

"पडतील."

"मी येईन. आई असती तर आली असती. पण मी टाळ्या वाजवणार नाही, आणि पहिल्या रांगेत बसणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"सांगतो."

ती उठली, टॉवेल ढिगावर ठेवला, ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि आतल्या खोलीकडे निघाली. दारापर्यंत गेली होती. मला एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं, तरी विचारलं.

"आवाज कसा होता तिचा?"

ती दारात पाठमोरी उभी राहिली. ढीग हनुवटीशी धरलेला होता.

"हळू," ती म्हणाली. "शेजारी कोणी झोपलेलं असलं की बोलतो, तसा."